नाताळ संपल्यावरचे अकरा महिने: मदतीच्या वहीतले कोरे रकाने

ओंजळ
६ जानेवारी, रात्री १०.४०

सर्वांना सलाम आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

आज प्रकटीकरणाचा सण. दारावरचा तारा उतरवला आणि कपाटात ठेवायला गेले, तर तिथेच आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मदतकार्याची वही दिसली. ती घेऊन बसले ते अजून बसलेलीच आहे. गेली सहा वर्षं ही वही माझ्याकडे आहे. डाव्या हाताला नावं, वरच्या ओळीत बारा महिने. ज्याला ज्या महिन्यात जे दिलं ते त्या चौकटीत लिहायचं, इतकी साधी. यंदा त्यात बावीस नावं आहेत. डिसेंबरचा रकाना एवढा गच्च भरलाय की अक्षरं समासात गेलीत. ब्लँकेट, साडी, धान्य, पुन्हा ब्लँकेट, मुलांचे कपडे. त्याच्या डावीकडे नजर टाकली की फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत पान जवळजवळ कोरं. एप्रिलमध्ये एक नोंद, ईस्टरची. जूनमध्ये एक, कुणाच्या तरी दफनविधीच्या खर्चाची.

तीन दिवसांपूर्वी आमच्या मंडळीतल्या एका आजींकडे गेले होते. त्या एकट्याच असतात. डिसेंबरात त्यांना पाच ब्लँकेटं मिळाली होती. एक आमच्याकडून, एक तरुण संघाकडून, बाकीची आणखी कुणाकुणाकडून. त्यातली चार त्यांनी नीट घड्या घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून दाराशी ठेवली होती. म्हणाल्या, "बाई, एक मला पुरे. ही घेऊन जा, कुणाला तरी लागतील. माझ्या बीपीच्या गोळ्या मात्र दर महिन्याला वीस तारखेच्या सुमाराला संपतात बघ." नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, शेवटचे दहा दिवस त्या अर्धी अर्धी गोळी घेतात.

सहा वर्षं वही माझ्याकडे आहे, आणि हे मला ठाऊक नव्हतं. ते गाठोडं उचलून घरी आणताना मला रडू आलं.

लोकांचं मन कोतं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. डिसेंबरात देणारे हात खरोखर प्रेमाने देतात, मी पाहिलंय. पण प्रभूच्या जन्माच्या आनंदात जे प्रेम वाहतं ते जुलैपर्यंत का पोचत नाही? तुमच्या मंडळ्यांमध्ये वर्षभराची काही व्यवस्था आहे का? असेल तर कशी चालते, कोण बघतं, आणि मुख्य म्हणजे टिकते कशी? मनापासून विचारते आहे. उत्तरं वहीत उतरवून घेईन.


तिसरा बाक
६ जानेवारी, रात्री ११.१५

ताई, आमच्याकडेही हेच. नाताळच्या आधी मदत घ्यायला माणसं कमी पडतात आणि मार्चमध्ये कुणाच्या ऑपरेशनसाठी पैसे लागले की द्यायला माणसं कमी पडतात. धागा काढलात हे बरं केलंत. वाचतोय.


जुनी पानं
७ जानेवारी, सकाळी ७.०५

ओंजळताई, तुमची वही वाचून मला बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय आठवला. तिथेही प्रश्न विधवांचा आणि यादीचाच होता.

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते अशी कुरकुर सुरू झाली. कशात आबाळ? मजकुरात शब्द आहे "रोजच्या वाटणीत". सणाच्या नव्हे, रोजच्या. म्हणजे मंडळी नुकतीच जन्माला आली होती, ना इमारत होती ना मालमत्ता, पण रोज वाटणी होत होती आणि त्यातली चूक हा सगळ्या मंडळीने एकत्र बसून सोडवायचा प्रश्न मानला गेला. सात जण निवडले. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटपाचा कारभार दिला. तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही, किल्ल्या त्यांच्याकडे दिल्या. मला यात पुष्कळ काही दिसतं.

आणि आता कॅलेंडर बघा. पाश्चात्य परंपरेच्या मंडळ्या या स्तेफनाचा दिवस कधी पाळतात? २६ डिसेंबरला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी. आपण त्याला पहिला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी जीव देणारा, म्हणून ओळखतो, पण दगडांचा वर्षाव होण्याआधी तो रोजच्या वाटपासाठी नेमलेला माणूस होता. गोठ्यातल्या बाळाला नमन करून उठलो की समोर हा माणूस उभा असतो. २५ तारखेनंतर थांबायचं नाही, हे सणांच्या क्रमातच लिहिलेलं आहे असं मला वाटतं.

पुढच्या काळातलंही थोडं सांगतो. इ. स. १५५ च्या सुमाराला जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने रोमन सम्राटाला उद्देशून आपल्या श्रद्धेची बाजू मांडली. त्यात रविवारच्या उपासनेचं वर्णन आहे: शास्त्रवाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, आणि मग ज्यांची ऐपत आहे ते स्वखुशीने देतात. ते जमलेलं उपासना चालवणाऱ्याकडे ठेवतात आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले अशांची काळजी घेतो. म्हणजे मदत हा उपासनेचाच भाग होता, दर रविवारचा. चाळीसएक वर्षांनी उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लिहितो की आमच्यात दर महिन्याला एक दिवस प्रत्येक जण जमेल तेवढं टाकतो, सक्ती कुणावर नाही. आणि ते पैसे मेजवान्यांवर न जाता गरिबांच्या पोटासाठी आणि दफनासाठी, आईबाप नसलेल्या मुलांसाठी, म्हाताऱ्या झालेल्या दासांसाठी, जहाज फुटून देशोधडीला लागलेल्यांसाठी जातात.

इ. स. २५१ मधलं रोमचा बिशप कर्नेलियस याचं एक पत्र आहे. त्यात तो सांगतो की रोमची मंडळी १५०० हून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते आहे. काळ कसा, तर नुकताच छळ होऊन गेलेला. त्यांच्याकडेही वही असणारच, ताई. नावं लिहिल्याशिवाय १५०० चा आकडा सांगता येत नाही.


स्पष्टच सांगतो
७ जानेवारी, दुपारी १.३०

सर्वांचा मान राखून दुसरी बाजू मांडतो. मी आमच्या मंडळीत बारा वर्षं वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक, म्हणून सेवा केली. दर महिन्याला मदत सुरू केली की काही घरं तिच्यावरच विसंबून राहतात. धडधाकट माणूस काम सोडून रांगेत उभा राहतो. तीन मंडळ्यांकडून एकाच आजाराच्या नावाने पैसे घेतलेलं मी स्वतः पाहिलंय. प्रेषित पौलाने थेस्सलनीका इथल्या मंडळीला पत्रात स्पष्ट लिहिलंय, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. नाताळपुरती मदत निदान मर्यादेत राहते. मला गरिबांची कणव नाही असं कृपा करून समजू नका. फसवलं गेल्याने जे देणारे दुरावले, ते परत आले नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.


ओंजळ
७ जानेवारी, रात्री ९.२०

स्पष्टच दादा, बरं झालं बोललात. तुमच्यासारखा अनुभव मलाही एकदा आला आहे आणि तो बोचतो.

पण ते वचन मी आज पुन्हा उघडून वाचलं. पौल म्हणतो ज्याला काम करण्याची इच्छा नाही तो. ज्याला काम मिळत नाही, ज्याला झेपत नाही, जिचं काम सुटलं तिच्याबद्दल तो बोलत नाही. आणि तीनच वचनं पुढे तोच पौल लिहितो की बंधूंनो, चांगलं करताना खचून जाऊ नका. दोन्ही एकाच दमात आहेत. पहिलं वचन आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ आहे, दुसरं नाही.

आणखी एक. तुम्ही म्हणता तशी फसवणूक कधी सोपी असते? जेव्हा देणारा घेणाऱ्याला ओळखत नाही तेव्हा. डिसेंबरच्या रांगेत मी कुणाला ओळखते? हातात पिशवी देते आणि पुढचं नाव पुकारते. दर महिन्याला ज्या घरात जाऊन बसावं लागतं त्या घरात खोटं फार दिवस लपत नाही, आणि खरं दुःखही लपत नाही.


जुनी पानं
८ जानेवारी, सकाळी ६.५०

ताईंना दुजोरा. पहिल्या मंडळ्याही भाबड्या नव्हत्या. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय म्हणजे जवळपास नियमावलीच आहे: यादीत नाव घालायचं ते साठीच्या पुढच्या विधवेचं, जिला मुलं-नातवंडं आहेत तिची जबाबदारी आधी त्यांनी घ्यावी, म्हणजे खरोखर एकटी आहे तिला मंडळीला सांभाळता येईल. दिदाखे या अगदी जुन्या ख्रिस्ती शिकवणीत तर असं म्हटलंय की कुणाला देतो आहेस हे कळेपर्यंत दान तुझ्या तळहातात घामेजू दे. पण त्याच शिकवणीत, त्याच्या अगदी आधी, मागेल त्याला दे असंही आहे. पारख करायची ती देण्यासाठी, न देण्याला सबब म्हणून नव्हे.


निनावी वाचक
८ जानेवारी, रात्री ११.५५

इथे पहिल्यांदाच लिहितोय. खूप वर्षं नुसता वाचत आलो.

मी घेणाऱ्यांपैकी आहे. वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो. त्या नाताळात आम्हा मुलांना पुढे बोलावून एका रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक खोकं दिलं. खोकं छातीशी धरून हसायला सांगितलं, फोटो काढला. तो फोटो वर्षभर फलकावर लावलेला होता. उपासनेला आत जाताना रोज... म्हणजे दर रविवारी, मी त्या फलकाकडे न बघता जायला शिकलो. खोक्यात रंगपेटी होती आणि ती मला फार आवडली होती, हेही खरं. देणाऱ्यांनी प्रेमानेच दिली होती. त्यांना दोष देत नाही.

पण आमचं घर ज्यांनी उभं ठेवलं त्या वेगळ्याच होत्या. भगिनीमंडळातल्या एक मावशी. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी यायच्या. आईबरोबर स्वयंपाकघरात बसायच्या, चहा प्यायच्या, माझं प्रगतिपुस्तक मागायच्या. जाताना डब्याखाली पाकीट असायचं. ते त्यांनी ठेवताना मी कधीच पाहिलं नाही, आणि सात वर्षांत त्यांनी त्याचा उच्चार केला नाही. मला आज जे आठवतं ते पाकीट नाही. आई त्या शनिवारी केस विंचरून बसायची. घरी पाहुणी येणार म्हणून. बाकीच्या महिन्यात आईकडे कुणी येत नसे.

ओंजळताई, तुमच्या त्या आजींनी ब्लँकेटं बांधून ठेवली आणि गोळ्यांचं तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही बसलात. एवढंच सांगायचं होतं.


तिसरा बाक
९ जानेवारी, सकाळी ८.००

निनावी दादा, वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. लिहिलंत त्याबद्दल आभार. आमच्याकडच्या फलकावरचे फोटो आज काढायला सांगतो.


बेरीज
९ जानेवारी, रात्री ८.४५

मी मंडळीचा खजिनदार, म्हणून व्यवहाराचं बोलतो. ताईंचा प्रश्न होता टिकते कशी.

आधी एक घडलेली गोष्ट. १६१७ सालचा ऑगस्ट, फ्रान्समधलं शातियों. तिथले धर्मगुरू व्हिन्सेंट डी पॉल रविवारच्या उपासनेची तयारी करत असताना निरोप आला की गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी पडलेत, पाणी द्यायलाही कुणी उठू शकत नाही. त्यांनी उपदेशात तेवढंच सांगितलं. दुपारी ते स्वतः निघाले तर रस्त्यावर माणसांची रीघ. कुणी अन्न घेऊन जातंय, कुणी देऊन परततंय, कुणी उन्हात सावलीला टेकलंय. ते पाहून ते भारावले आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं: आज त्या घरात इतकं अन्न गेलंय की काही नासणार, आणि उद्या ती माणसं पुन्हा होती तिथेच. प्रेम आहे, पण त्याला घडी नाही. त्याच आठवड्यात त्यांनी गावातल्या काही बायकांना एकत्र केलं आणि आजाऱ्यांचं बघायला एकेक दिवसाची पाळी लावून दिली. वर्ष संपायच्या आत त्यांची रीतसर संस्था झाली, लेखी नियमांसह. आजाऱ्याशी कसं बोलायचं, जेवण कसं वाढायचं, इथपर्यंत.

आपला डिसेंबर म्हणजे त्या रस्त्यावरचा रविवार. वाईट काहीच नाही त्यात. फक्त सोमवार कुणाच्या पाळीचा ते ठरलेलं नाही.

आमच्या मंडळीत आम्ही चार वर्षांपूर्वी तीन गोष्टी केल्या आणि त्या अजून चालू आहेत. प्रत्येक रविवारच्या अर्पणातला ठरलेला हिस्सा पैसे मोजतानाच वेगळा काढायचा आणि वेगळ्या खात्यात टाकायचा. खर्च भागवून उरलं तर गरिबांना, असं ठेवलं की कधीच उरत नाही. छप्पर, रंग, ध्वनिक्षेपक, काही ना काही निघतंच. पौलानेही करिंथकरांना हेच सांगितलंय, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी येईन तेव्हा धावाधाव नको.

डिसेंबरात जे पैसे येतात त्यातला मोठा भाग डिसेंबरात खर्च करायचा नाही. सुरुवातीला लोक नाराज झाले. त्यांना वाटायचं आम्ही त्यांचं प्रेम अडकवून ठेवलं. मग मी जूनमध्ये उपासनेनंतर उभं राहून सांगितलं की तुमच्या नाताळच्या दानातून या महिन्यात एका मुलीची कॉलेजची फी भरली, नाव न घेता. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

आणि हिशोब. पैसे देताना दोन सह्या, एकाचा एकाशी नात्याचा संबंध नसलेल्या. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेत होता तेव्हा त्याने एकट्याने नेली नाही, मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेतली, आणि कारणही लिहिलं: कुणी आम्हाला बोल लावू नये, प्रभूपुढे आणि माणसांपुढेही सारं चोख असावं. प्रेषिताला याची गरज वाटली तर मला वाटायलाच हवी.


पाहुणी
१० जानेवारी, दुपारी ४.१०

मी ख्रिस्ती नाही, पण हा धागा रोज उघडून वाचते आहे. एक विचारू का, राग मानू नका. ही मदत फक्त तुमच्या मंडळीतल्यांसाठी असते की कुणासाठीही? आणि कुणासाठीही असेल तर मागे अपेक्षा असते का? अन्न आधी आणि प्रार्थनेचं आमंत्रण मागून? माझ्या ओळखीत लोक असं बोलतात म्हणून विचारलं.


ओंजळ
१० जानेवारी, रात्री १०.००

पाहुणीताई, राग कसला. हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला पाहिजे.

माझ्या वहीतल्या बावीस नावांमध्ये सात जण आमच्या मंडळीतले नाहीत. जास्त असायला हवेत असं मला वाटतं. पौलाने घरच्यांना विशेष जपा म्हटलंय हे खरं, पण त्याच वाक्यात आधी "सर्वांचं बरं करा" असं आहे. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत, वाटेत पडलेल्या जखमी माणसाला उचलणाऱ्या त्या परक्याने त्याला धर्म विचारला नाही, आणि जखमी माणसानेही त्याला विचारला नाही.

अपेक्षेबद्दल. लूकच्या शुभवर्तमानात येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं. एकच परत आला, तोही परका शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत असं येशूने विचारलं, त्याला वाईट वाटलं असावं. पण त्या नऊ जणांचं कोड परत आलं नाही. ते बरे झाले ते झाले. मदतीला अट घातली की ती मदत राहत नाही, सौदा होतो, आणि घेणाऱ्याच्या अडचणीच्या वेळी केलेला सौदा. कुणी विचारलं की तुम्ही हे का करता, तर मी येशूचं नाव सांगते, लपवत नाही. पण न विचारणाऱ्याच्या गोळ्या थांबवत नाही. कुठे कुणी असं करत असेल तर ते चुकतं आहे, असं मी माझ्या मंडळीतही बोलले आहे.


जुनी पानं
११ जानेवारी, सकाळी ७.३०

पाहुणीताईंच्या प्रश्नाला एक साक्षीदार देतो, तोही ख्रिस्ती धर्माच्या विरोधातला. सम्राट ज्यूलियन ख्रिस्ती घरात वाढला आणि पुढे जुन्या रोमन देवतांकडे वळला. इ. स. ३६२ मध्ये आपल्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तो खंत करतो की हे गालीली लोक, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्याच नव्हे तर आपल्याही गरिबांना पोसतात आणि आपल्या माणसांना आपल्याकडून आधार मिळत नाही हे सगळ्यांना दिसतं. त्याला ते ख्रिस्ती आवडत नव्हते, तरी त्याने जे पाहिलं ते लिहिलं.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी कैसरिया इथे दुष्काळ पडला. तिथला धर्मगुरू बसिल तेव्हा बिशप नव्हता, पण त्याने कोठारं भरून ठेवणाऱ्या श्रीमंतांपुढे उपदेश केले, कोठारं उघडायला लावली आणि स्वतः उभं राहून अन्न वाढलं. दुष्काळ सरला तेव्हा तो थांबला नाही. पुढे शहराबाहेर आजारी, निराधार, वाटसरू आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी त्याने मोठी वसाहत उभी केली. आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं काम पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी भुकेल्या मुली आणि विधवा गोळा करून आणल्या. पाऊस पडल्यावर त्यांना परत पाठवलं नाही. केडगावच्या मुक्ती सदनात त्या शेती, विणकाम, छपाई शिकल्या. संकटात धावणारे पुष्कळ असतात. रमाबाई संकट ओसरल्यावरही तिथेच होत्या.


दोन नाणी
१३ जानेवारी, रात्री ९.३५

मी घरकाम करते. महिन्याअखेर माझ्याच हातात काही राहत नाही. तुम्ही सगळे हिस्सा, खातं म्हणता तेव्हा मला आत कुठेतरी लाज वाटते. आमच्याकडे विधवेच्या दोन नाण्यांवर उपदेश झाला की मी घरभाड्यातले काढून टाकते आणि मग महिनाभर घाबरून राहते. हे बरोबर का?


बेरीज
१३ जानेवारी, रात्री १०.२०

ताई, अजिबात टाकू नका. घरभाडं आधी भरा. खजिनदार म्हणून सांगतो.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात त्या विधवेच्या गोष्टीच्या लगेच आधी काय आहे ते वाचा. येशू म्हणतो, शास्त्र्यांपासून, म्हणजे नियमशास्त्र शिकवणाऱ्यांपासून, सावध राहा, ते विधवांची घरं गिळून टाकतात. आणि लगेच पुढे एक विधवा येते, तिच्याकडे उरलेली शेवटची दोन नाणी टाकते. येशूने तिचं मन पाहिलं आणि ते थोर म्हटलं. पण तिच्यासारख्या विधवांची घरं गिळणाऱ्यांना त्याने आधीच सुनावलं होतं. गरिबाकडून शेवटचं नाणं काढून घ्यायला ही गोष्ट वापरणारे वरची वचनं गाळतात. पौलानेही लिहिलंय, जवळ असेल त्याप्रमाणे दिलेलं देवाला मान्य आहे, नसेल त्याप्रमाणे नव्हे. दुसऱ्याला आराम आणि तुम्हाला ओझं व्हावं असा त्याचा हेतू नाही.

तुम्ही घरकाम करता म्हणजे दिवसभर लोकांच्या घरात असता. कुठे कोण आजारी आहे, कुणाकडे चूल पेटली नाही, हे आमच्या समितीच्या आधी तुम्हाला कळतं. ते येऊन सांगणं हे दानच आहे. आमच्याकडे तशा दोन बहिणी आहेत, त्यांच्याशिवाय आमचं काम आंधळं झालं असतं.


स्पष्टच सांगतो
१४ जानेवारी, सकाळी १०.१५

बेरीज यांचं शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवलं नाही. आम्ही बारा वर्षांत समितीवर घेतलेली सगळी माणसं देणाऱ्यांपैकी होती. जुनी पानं यांनी ती सात ग्रीक नावं सांगितली ती डोक्यातून जात नाहीत. फसवणुकीबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण ती रोखायचा माझा मार्ग चुकीचा होता. दार लहान करत गेलो, आत जाऊन बसलो नाही.

बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात एक नियम आहे, बऱ्याच वर्षांनी आठवला. शेजाऱ्याला उसनं दिलंस तर तारण आणायला त्याच्या घरात शिरू नकोस. बाहेर उभा राहा, तो आणून देईल. आणि गरिबाने पांघरूण तारण ठेवलं असेल तर सूर्य मावळण्याआधी परत कर, म्हणजे तो ते घेऊन झोपेल. आणि पुढे, शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नकोस, ती परक्याची, अनाथाची, विधवेची. कुणी कुणापुढे हात पसरायचा नाही, आपलं आपण वेचून घ्यायचं. मी मदतीचे अर्ज भरून घेत होतो, पाच पानी. आत काय शिजतंय तेही विचारत होतो. हे लिहिताना जड जातंय.


निनावी वाचक
१४ जानेवारी, दुपारी १२.४०

दादा, सलाम.


ओंजळ
२ फेब्रुवारी, सकाळी ९.००

आज मुद्दाम लिहिते आहे. आज नाताळपासून चाळिसावा दिवस, येशूला मंदिरात नेल्याची आठवण.

नियमशास्त्राप्रमाणे मुलगा झाला की चाळीस दिवसांनी आईने कोकरू आणि एक पारवा किंवा होला आणायचा. कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतील, अशी सोय बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. लूक लिहितो की मरिया आणि योसेफ होल्यांचा जोड किंवा पारव्याची दोन पिल्लं अर्पण करायला आले. कोकराचा उल्लेखच नाही. म्हणजे हे कुटुंब गरीब आहे हे शुभवर्तमानात उघडपणे दिसतं ते नाताळच्या रात्री नव्हे, चाळीस दिवसांनी. मेंढपाळ आपल्या कळपांकडे गेले होते, गाणाऱ्या देवदूतांचा आवाज थांबला होता. आणि ते दोघं मंदिराच्या दारात दोन पाखरं घेऊन उभे होते.

काल आमच्या सभेत मी हेच वाचून दाखवलं आणि मग वही सगळ्यांपुढे उघडी ठेवली. कोरे रकाने सगळ्यांनी पाहिले. बेरीज दादांची अर्पणातल्या हिश्शाची सूचना मान्य झाली, थोड्या वादानंतर. बावीस घरांना अकरा जोड्या ठरल्या, प्रत्येक जोडीकडे दोन घरं, महिन्यातून एकदा जायचं, बसायचं, घाई करायची नाही. फोटो नाही. समितीवर दोन नवीन नावं घेतली, दोघीही वहीतल्या. त्यातल्या एकीने पहिल्याच दिवशी सांगितलं की वहीत "वस्तू" असा रकाना आहे, तिथे "काय हवं होतं" असा आणखी एक रकाना काढा. तो काढला.


तिसरा बाक
३ फेब्रुवारी, रात्री ८.२०

तो रकाना आम्हीही उचलतो आहोत, ताई.


पाहुणी
३ फेब्रुवारी, रात्री ९.०५

आमच्या सोसायटीत एक आजोबा एकटे राहतात. काल जाऊन बसले. त्यांना चष्म्याचा नंबर बदलून हवा होता, कधीपासूनच.


ओंजळ
१८ ऑगस्ट, संध्याकाळी ६.५०

बऱ्याच महिन्यांनी धागा वर काढते आहे. काहींनी व्यक्तिगत निरोप करून विचारलं होतं, चालू आहे का म्हणून.

चालू आहे, सगळं नीट नाही. अकरापैकी दोन जोड्या एप्रिलमध्ये गळाल्या, परीक्षा आणि लग्नसराईत. त्यांची चार घरं मे महिनाभर तशीच राहिली आणि त्यातल्या एका घरी बाळंतपण झालं ते आम्हाला आठ दिवसांनी कळलं. ती चौकट मी कोरीच ठेवली आहे, मागाहून भरली नाही. आता प्रत्येक जोडीला एक तिसरं माणूस राखीव आहे. तीन नावं वहीतून कमी झाली कारण त्यांना आता गरज उरली नाही, त्यातल्या एकाने जुलैपासून स्वतःच अर्पण द्यायला सुरुवात केली. पाच नवीन आली. ती घरकाम करणाऱ्या आणि रिक्षा चालवणाऱ्या मंडळींनी सांगितलेली.

आजींच्या गोळ्या वीस तारखेला संपतात, म्हणून दर महिन्याच्या अठराला त्यांच्याकडे जायचं ठरलंय. या महिन्यात पाळी तरुण संघातल्या एका मुलाची आहे. कॉलेजातला मुलगा, मला जरा धाकधूक होती. मघाशी त्याचा मेसेज आला: "आजी झोपल्यात. उठवलं नाही, पायरीवर बसलोय. उठल्या की गोळ्या देतो आणि मग येतो."